तीन दिवसांत यलोस्टोन नको

महोदय,
उन्हाळी पुरवणीतला अमेरिकेतल्या राष्ट्रीय उद्यानांवरचा लेख वाचला. २०२३च्या जूनमध्ये आम्ही मुलाकडे डेन्व्हरला होतो, फिरायला हाताशी तीनच दिवस. सूनबाई यलोस्टोनवर अडून बसल्या होत्या. पण जाता-येता एकेक दिवस गाडीतच गेला असता. शेवटी दोन तासांवरचं रॉकी माउंटन ठरलं. तिथला ट्रेल रिज रोड ३,७१३ मीटरपर्यंत चढतो, म्हणजे कळसूबाईच्या दुपटीहून उंच! वर पोचेपर्यंत चिवड्याची बंद पिशवी टम्म फुगली होती, आणि चार पावलं टाकताच हिला धाप लागली. प्रवेशाची वेळ आधी ऑनलाइन राखून ठेवावी लागायची, हे लेखात हवं होतं. आम्हाला आयत्या वेळी कळलं. मग ही अट सकाळी नऊला लागू व्हायच्या आतच फाटक गाठलं.

– एक निवृत्त वाचक, सातारा