हेवी मेटल कारखान्यात जन्मले नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमच्या ब्लॅक सॅबथ बँडचे गायक ऑझी ऑस्बर्न गेल्यानंतर आपल्या रविवार पुरवणीत हेवी मेटल या दणदणीत गिटारच्या रॉक संगीतावर पानभर लेख आला. मराठी दैनिकाने या संगीताला अख्खे पान द्यावे, याचा आनंद झालाच. पण ‘१९७० साली बर्मिंगहॅमच्या कारखान्यांतल्या ठोक्यांमधून हेवी मेटल जन्माला आले’ हा लेखाचा कणा आहे आणि तोच मला कच्चा वाटतो. एवढ्या मोठ्या लेखात अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या ब्लूज संगीताचा उल्लेख एकदाही नाही. आजा-पणज्याचे नाव न घेता घराण्याचा इतिहास सांगावा, तसे हे झाले.

माझे आयुष्य लॅमिंग्टन रोडच्या परिसरात ॲम्प्लिफायर आणि स्पीकर दुरुस्त करण्यात गेले. गणपतीच्या आधी मंडळांचे खोके येतात, लग्नसराईत बँडवाल्यांचे. तक्रार बहुतेक वेळा एकच असते : ‘आवाज फाटतोय.’ कधी स्पीकरचा कागदी कोन फाटलेला असतो, कधी कॉइल घासत असते, कधी कोणी हौसेने आवाजाचे बटण शेवटपर्यंत पिळलेले असते. आम्ही ज्याला बिघाड म्हणून पैसे घेऊन दुरुस्त करतो, त्या बिघाडावर हेवी मेटलची इमारत उभी आहे. म्हणून हे पत्र.

व्हॉल्व्हच्या, म्हणजे काचेच्या नळ्यांच्या, ॲम्प्लिफायरला कुवतीबाहेर सिग्नल दिला की ध्वनिलहरींचे माथे छाटले जातात. छाटलेल्या लहरीत मूळ स्वराबरोबर त्याचे पटीतले वरचे स्वर, म्हणजे हार्मोनिक्स, येऊन बसतात. स्वर जाड होतो, खरखरतो आणि लवकर विझत नाही. एरवी गिटारची तार छेडली की नाद पाहता पाहता विरतो; इथे तो रेंगाळतो, गुरगुरतो. हा आवाज १९७० मध्ये कोणी शोधला नाही. १९५१ साली मेम्फिसला सॅम फिलिप्स यांच्या स्टुडिओत आयक टर्नर यांची मंडळी ‘रॉकेट ८८’ वाजवायला आली, तेव्हा गिटारवादक विली किझार्ट यांचा ॲम्प्लिफायर वाटेत खराब झाला होता. कोणी म्हणते गाडीवरून पडला, कोणी म्हणते पावसात भिजला. फिलिप्स यांनी दुसरा न मागवता त्यात कागद कोंबला आणि तसेच ध्वनिमुद्रण केले. १९५८ मध्ये लिंक रे यांनी ‘रंबल’साठी स्पीकरला मुद्दाम पेन्सिलीने भोके पाडली. त्या वादनात एकही शब्द नव्हता, तरी काही रेडिओ केंद्रांनी ते वाजवायला नकार दिला. पोरे बिघडतील म्हणून. निव्वळ सुरांनी पोरे बिघडवण्याची ताकद बाकी कोणाच्या वाट्याला आली असेल, असे वाटत नाही.

मग १९६४. लंडनच्या किंक्स बँडमधला डेव्ह डेव्हिस सतरा वर्षांचा होता. त्याच्याकडे एल्पिको नावाचा लहानसा, स्वस्तातला ॲम्प्लिफायर होता. त्याने दाढीचे ब्लेड घेऊन त्याच्या स्पीकरच्या कागदी कोनाला चिरा दिल्या. कोन मागे-पुढे हलला की चिरलेल्या कागदाच्या कडा थरथरत, आणि आवाजाला करवतीचे दाते फुटत. हा आवाज पुढे मोठ्या व्हॉक्स ॲम्प्लिफायरमधून काढून ‘यू रियली गॉट मी’ तयार झाले. माझ्या दुकानात कोणी असा कोन आणला असता, तर मी दोन शब्द सुनावून नवा बसवून दिला असता. पण त्या गाण्याची सुरावट ऐका : नुसत्या दोन-दोन स्वरांचे ठोकळे मागे-पुढे सरकवले आहेत, बस्स. पुढच्या साऱ्या मेटलचा सांगाडा त्यात आहे.

ठोकळे दोनच स्वरांचे का, याचे उत्तरही त्या फाटक्या आवाजात आहे. अशा आवाजात सा-ग-प असा पुरा कॉर्ड (एकत्र वाजवलेले स्वर) वाजवला, तर हार्मोनिक्स एकमेकांच्या अंगावर येतात आणि नुसता गोंगाट होतो. गंधार काढून टाकला आणि सा-प एवढेच ठेवले, तर एकच भरीव, दणदणीत स्वर उभा राहतो. त्यालाच पॉवर कॉर्ड म्हणतात. गंधार शुद्धही नाही आणि कोमलही नाही, म्हणून हा कॉर्ड ना आनंदी ना उदास. आपल्या लेखकांनी मेटलच्या ‘भावनाशून्य कठोरपणा’चे खापर यंत्रयुगावर फोडले आहे. थोडे खापर या गैरहजर गंधारावरही फोडायला हवे.

दणदणाट वाढला त्यामागेही एका दुकानदाराचा हात आहे. पश्चिम लंडनमध्ये हॅनवेलला जिम मार्शल यांचे ड्रमचे दुकान होते. तिथे येणाऱ्या गिटारवाल्यांसाठी त्यांनी १९६२ मध्ये अमेरिकन फेंडर बासमन या ॲम्प्लिफायरचा नकाशा समोर ठेवून स्वतःचा ॲम्प्लिफायर बनवला. द हू बँडच्या पीट टाउनशेंड यांना आणखी मोठा आवाज हवा होता, म्हणून शंभर वॉटचे यंत्र आले आणि त्याला बारा इंची आठ स्पीकरचे एकच अवाढव्य खोके. ते उचलताना हमाली करणाऱ्या पोरांची कंबर मोडायला लागली, तेव्हा त्याचे चार-चार स्पीकरचे दोन भाग झाले आणि ते एकावर एक रचले गेले. मेटलच्या रंगमंचावर मागे दिसणारी काळी भिंत ही अशी हमालांच्या तक्रारीतून आली.

त्यानंतरची दोन-तीन वर्षे भराभर गेली. १९६६ मध्ये क्रीम हा बँड स्थापन झाला, त्याच वर्षी गिटारवादक जिमी हेंड्रिक्स लंडनला उतरले. १९६८ च्या सुरुवातीला सॅन फ्रान्सिस्कोच्या ब्लू चीअर या तिघांच्या बँडने एडी कॉक्रनचे दहा वर्षांपूर्वीचे ‘समरटाइम ब्लूज’ इतक्या जड हाताने वाजवले की ते आजही मेटलच म्हणून खपेल. लेखात त्यांचे नावही नाही.

बर्मिंगहॅमचे श्रेय मला नाकारायचे नाही. पण ते ठोक्यांना न देता एका अपघाताला द्यावे. ब्लॅक सॅबथचे गिटारवादक टोनी आयोमी आधी पत्र्याच्या कारखान्यात वेल्डिंग करत. सतरा वर्षांचे असताना, नोकरीच्या शेवटच्या दिवशी, त्यांना दुसऱ्याच्या जागी मशीनवर बसवले आणि उजव्या हाताच्या मधल्या दोन बोटांची टोके गेली. आयोमी डावखुरे, म्हणजे तारा दाबायचा हात नेमका तोच. जाझ गिटारवादक जॅंगो राइनहार्ट भाजून निकामी झालेल्या बोटांनिशी गिटार वाजवत, त्यांची तबकडी कारखान्यातल्या वरिष्ठाने ऐकवली, तेव्हा आयोमींना धीर आला. त्यांनी प्लॅस्टिकची बाटली वितळवून बोटांना टोप्या केल्या, त्यावर चामडे चिकटवले. जाड तारा दाबवेनात म्हणून बँजोच्या बारीक तारा लावल्या, आणि ब्लॅक सॅबथच्या १९७१ च्या तिसऱ्या अल्बमपासून तारा दीड स्वर सैल करून खाली उतरवल्या. खर्जातला तो भारदस्त आवाज दुखऱ्या बोटांची सोय म्हणून आला. १३ फेब्रुवारी १९७० ला निघालेल्या पहिल्या अल्बममध्ये तारा नेहमीच्याच होत्या. लेखात मात्र त्या ‘पहिल्यापासूनच’ उतरवल्याचे छापले आहे.

त्या अल्बमच्या पहिल्या गाण्यात तीनच स्वर आहेत : षड्ज, तार षड्ज, आणि खाली येऊन थरथरत राहणारा तीव्र मध्यम. लेखक म्हणतात, या ‘सैतानी’ स्वरांतरावर मध्ययुगात चर्चने बंदी घातली होती. ही कथा फार फिरते, पण तशा बंदीचा पुरावा नाही. नियम होते ते गायन कसे बांधावे याचे. आपल्याकडे रोज संध्याकाळी कोणी ना कोणी यमन आळवतो, त्यात हाच मध्यम असतो आणि अजून कोणाच्या बैठकीत सैतान येऊन बसल्याचे ऐकिवात नाही. भीती त्या स्वरात नसते. संथ लय, पावसाचा आणि घंटेचा आवाज, आणि मध्यमानंतर पंचमाची सुटका न देणे, यांतून ती बांधलेली आहे. शिवाय हेच चौघे आधी अर्थ या नावाने ब्लूज वाजवत होते. कोमल गंधार, कोमल निषाद, तार ओढून काढलेली मींड, हे सारे मिसिसिपीच्या कापूसशेतांतून आलेले आहे.

ब्लूज वगळल्यामुळे एक आर्थिक बाजूही झाकली जाते. ब्लूज गीतकार विली डिक्सन यांचे ‘यू नीड लव्ह’ गायक मडी वॉटर्स यांनी १९६२ मध्ये गायले. लेड झेपेलिन या ब्रिटिश बँडच्या १९६९ च्या ‘होल लॉट्टा लव्ह’मध्ये त्यातले शब्द उतरले, पण नाव उतरले नाही. डिक्सन १९८५ मध्ये कोर्टात गेले, दोन वर्षांनी तडजोड झाली आणि मग कुठे त्यांचे नाव श्रेयात आले. लेखकांनी झेपेलिनला ‘स्वयंभू’ म्हटले आहे. स्वयंभू देवस्थानाला कोर्टाची पायरी चढावी लागत नाही.

जाता जाता : लेड झेपेलिनचे जिमी पेज आणि रॉबर्ट प्लँट १९७२ मध्ये मुंबईत आले होते आणि इथल्या वादकांना घेऊन त्यांनी आपल्या दोन गाण्यांचे ध्वनिमुद्रण केले. ते अधिकृतपणे बाहेर यायला २०१५ उजाडले. त्या वादकांवर मराठीत कोणी सविस्तर लिहिले, तर मी पुरवणी जपून ठेवीन.

लेखातल्या छायाचित्राखाली लेड झेपेलिनचा पहिला अल्बम १९७१ चा म्हटला आहे. तो जानेवारी १९६९ चा, म्हणजे ब्लॅक सॅबथच्या आधीचा आहे. निदान तेवढी दुरुस्ती छापावी, ही विनंती.

आपला,
एक वाचक, गिरगाव, मुंबई