शनिवारी स्नोशूइंग: गॅटिनो पार्क

मंडळी, थंडीत सोफ्यावर रुतून बसायचं नाही असं दिवाळीत ठरलं होतं. आठवतंय ना?

येत्या शनिवारी सकाळी ९.३० वाजता चेल्सीच्या व्हिजिटर सेंटरपाशी जमायचं. ओटावाहून गाडीने साधारण अर्धा तास. स्नोशू (बर्फात पाय रुतू नयेत म्हणून बुटाखाली बांधायच्या रुंद चौकटी) घालून दोन तास चालू, मग डबे उघडू. नवख्यांनी घाबरू नये. चालता येतं त्याला हे जमतं. पाय थोडे फाकवून टाकायचे, नाहीतर स्वतःच्याच बुटावर पाय पडून माणूस तोंडावर आपटतो (मागच्या वर्षी मी).

- जीन्स नको. सुती कापड भिजलं की वाळत नाही, अंग गारठतं. आत थर्मल किंवा लोकर, वर वारा अडवणारं जॅकेट.
- पाण्याची बाटली उलटी ठेवा. बर्फ वरून धरतो, तोंड मोकळं राहतं.
- ट्रेलचा पास ज्याचा त्याने काढायचा.
- स्कीच्या आखलेल्या चाकोऱ्यांवर अजिबात पाय नको. पार्कात यावरूनच बोलणी बसतात.

स्नोशू भाड्याने हवे असतील तर गुरुवारी रात्रीपर्यंत ग्रुपवर बुटाचा नंबर आणि वजन कळवा. वजन खरं सांगा, मापं त्यावरच ठरतात!

पारा उणे २० च्या खाली गेला तर बेत रद्द; सकाळी ७ ला मेसेज टाकेन. तिळगूळ आणणाऱ्यांनी वड्या आतल्या खिशात ठेवाव्यात, दात आपलेच आहेत.