गिझर बदलण्याआधी व्होल्टेज, अर्थिंग आणि पाइप तपासा

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

पाऊस ओसरून दिवाळी जवळ आली की रत्नागिरी-सिंधुदुर्गात गिझरच्या तक्रारी सुरू होतात. दुकानात सल्ला बहुधा एकच मिळतो : नवा घ्या. पुष्कळदा दोष गिझरचा नसतोच.

‘पाणी तापायला तास लागतो’ हीच तक्रार घ्या. 25 लिटरच्या, 2000 वॅटच्या गिझरमध्ये 25 अंशांचं पाणी 60 अंशांवर जायला 230 व्होल्टवर अर्धा तास पुरतो. व्होल्टेज 180 वर उतरलं की तीच कॉइल जेमतेम सव्वाबाराशे वॅट देते आणि पन्नास मिनिटं लागतात. म्हणून गिझर चालू ठेवून सॉकेटवर आणि मीटरपाशी, दोन्हीकडे व्होल्टेज मोजून घ्यावं. मीटरपाशी ठीक आणि सॉकेटवर कमी असेल, तर घरातली वायर बारीक आहे किंवा जोड सैल आहे. 16 अँपिअरचा सॉकेट आणि निदान 2.5 चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर हवीच. पाणी मुळीच तापत नसेल, तर मेन बंद करून कॉइलची वायर सोडवावी आणि रोध मोजावा. 26 ओहमच्या आसपास आला तर कॉइल शाबूत आहे. मग थर्मोस्टॅट आणि कटआउट (पाणी अति तापलं की वीज तोडणारा स्विच) बघावेत.

गिझर लावला की ईएलसीबी (करंट गळला की वीज तोडणारी स्विच-पेटी) पडते, म्हणून ती बायपास करून देणारे कारागीर आहेत. हे थांबलं पाहिजे. कॉइलच्या नळीला भोक पडून करंट पाण्यात उतरतो, म्हणूनच ती पडते. त्यातून आपल्या जांभ्याच्या सड्यावर अर्थिंग मुळात कमजोर; एप्रिल-मेमध्ये खड्डा कोरडा पडला की आणखीच. अशा घरात 30 मिलीअँपिअरची ईएलसीबी हाच खरा आधार आहे. तिचं टेस्ट बटण दर महिन्याला दाबून बघावं.

सेफ्टी व्हॉल्व्हमधून थेंब पडतात म्हणून तो काढून तिथे डमी (बंद बूच) ठोकतात, तेही तितकंच वाईट. 25 लिटर पाणी 65 अंशांपर्यंत तापलं की सुमारे 400 मिलीलिटरने फुगतं. पुरवठ्यावर नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह (पाणी मागे न जाऊ देणारा) असेल, तर फुगलेल्या पाण्याला बाहेर पडायला तेवढीच वाट असते. ती बुजवली आणि थर्मोस्टॅट अडकला, तर टाकी फुटते.

आता पाइप. घाटावरच्या बोअरवेलला क्षार जास्त, त्यामुळे तिथे कॉइलवर थर चढतो. जांभ्यातल्या विहिरीचं पाणी हलकं, थोडं आम्लधर्मी. ते थर चढवत नाही, जस्त आणि लोखंड खातं. खाडीकाठी उन्हाळ्यात खारेपणाची भर पडते. म्हणून इथे जीआय (जस्त चढवलेला लोखंडी) पाइप आतून लवकर सडतो, सकाळी पहिलं पाणी तांबडं येतं आणि टाकीऐवजी स्वतः झिजून टाकी वाचवणारा आतला मॅग्नेशियमचा रॉड भराभर झिजतो. तो दरवर्षी काढून बघावा; आतली तार उघडी दिसली तर बदलावा.

गरम लाईन बदलताना साधा पीव्हीसी चालत नाही, तो मऊ पडतो. गरम पाण्यासाठीचा सीपीव्हीसी पाइप, एसडीआर 11 (जाडीचा वर्ग) घ्यावा आणि सोल्युशनही सीपीव्हीसीचंच वापरावं. पाणी दुसऱ्या दिवशी सोडावं. पाणी 40 अंशांनी तापलं की 10 मीटर पाइप सुमारे 25 मिलिमीटर वाढतो, त्यामुळे सरळ लांब लाईन दोन्ही टोकांना आवळून टाकू नये. मध्ये एक वळसा द्यावा आणि क्लॅम्प सैल ठेवावेत. जोड तडकतात ते इथेच. गिझरच्या तोंडाला प्लास्टिकचा आटा लावू नये, पितळी आट्याचं फिटिंग घ्यावं. बाहेरच्या चिऱ्याच्या भिंतीवरून लाईन नेली, तर उन्हापासून वाचवायला पाण्यात मिसळणारा अ‍ॅक्रिलिक रंग आणि वर फोमची नळी हवी.

तालुक्याच्या हार्डवेअर दुकानदारांना एक विनंती : गिझरबरोबर मॅग्नेशियम रॉड आणि फ्लँजचं गॅस्केटही दुकानात ठेवा. रॉड मिळत नाही, म्हणून चांगल्या टाक्या भंगारात जातात.

– एक वायरमन व प्लंबर, रत्नागिरी