अण्णा, ती पिन दाखवलीत म्हणून

अण्णा, सप्रेम नमस्कार.

तुम्ही येऊन आमच्या कॉम्प्युटरचं दुखणं काढून गेलात, तेव्हापासून तिन्ही मॉनिटर व्यवस्थित चालू आहेत. कामाचे पैसे तुम्ही घेतलेत, तेही हात राखूनच. पण आमच्या ऑपरेटर ताईंना हाक मारून तुम्ही केबलीतली ती वाकलेली पिन दाखवलीत, त्याचे आभार मानायचे राहून गेले. ते चार माणसांसमोर मानावेत असं वाटलं, म्हणून हे पत्र असं उघड लिहितोय.

तुमच्या आधी येऊन गेलेल्यांबद्दल लिहिल्याशिवाय राहवत नाही. एकाने मॉनिटरला चित्र पाठवणारं ग्राफिक्स कार्ड गेलं म्हणून सांगितलं, दुसऱ्याने डावा मॉनिटर गेला म्हणून. एक जण तर विंडोज नव्याने टाकायला बसला होता; श्रीलिपी, नुडी, सगळे फॉन्ट परत कोण बसवणार, हे त्याने विचारलंही नाही. केबल सोडवून तिचं तोंड मात्र कुणी पाहिलं नाही. आणि निघताना प्रत्येकाचं एकच वाक्य, "कुणीतरी हात लावलाय बघा." त्या टेबलावर हात लावणारं माणूस एकच आहे. सकाळी मराठी लग्नपत्रिका, दुपारी कन्नड, गणपती जवळ आले की मंडळांचे अहवाल आणि पावतीपुस्तकं, सगळं त्याच हाताखालून जातं. ते वाक्य त्यांच्यासमोर, त्यांच्याकडे बघत बोललं गेलं.

बिघाड काय होता ते इथे नीट लिहितो, कारण बेळगाव, खानापूर, निपाणी, चिक्कोडी या पट्ट्यातल्या कितीतरी डीटीपीवाल्यांकडे आणि फोटो स्टुडिओंत हीच जोडणी असते. मध्ये २४ इंची मॉनिटर एचडीएमआयवर. डावीकडे जुना १९ इंची, त्याला फक्त व्हीजीए, म्हणजे जुन्या पद्धतीची जोडणी. कार्डाला व्हीजीएचं तोंड नाही, म्हणून मध्ये डिस्प्लेपोर्ट ते व्हीजीए अडॅप्टर; डिस्प्लेपोर्ट म्हणजे कार्डाचं नव्या पद्धतीचं तोंड.

डावा मॉनिटर "नो सिग्नल" दाखवून झोपी जायचा. सेटिंग्ज, सिस्टीम, डिस्प्ले, तिथून मल्टिपल डिस्प्लेजमध्ये जाऊन डिटेक्ट दाबलं तरी दुसरा डिस्प्ले सापडला नाही एवढंच उत्तर. तीच केबल, तोच मॉनिटर व्हीजीए असलेल्या जुन्या कॉम्प्युटरला लावला की चित्र यायचं. त्यावरून सगळ्यांनी ठरवून टाकलं: केबल चांगली, मॉनिटर चांगला, म्हणजे कार्ड गेलं. ऐकायला पटतं, आणि फसायला होतं ते इथेच.

व्हीजीएच्या १५ पिना आहेत, पण चित्र आणणाऱ्या वेगळ्या आणि मॉनिटरची ओळख सांगणाऱ्या वेगळ्या. १, २ आणि ३ वर लाल, हिरवा, निळा. १३ आणि १४ वर आडवा आणि उभा सिंक, म्हणजे चित्र जागेवर धरून ठेवणारे संकेत. ओळख जाते १२ आणि १५ वरून. ही ओळख म्हणजे ईडीआयडी, मूळचा १२८ बाइटचा छोटा मजकूर: कंपनी, मॉडेल, कुठली रिझोल्यूशन चालतात. जणू मॉनिटरचं ओळखपत्रच. १९८७ साली व्हीजीए आलं तेव्हा ही सोय नव्हती. १९९४ मध्ये डीडीसी नावाने ती त्याच तोंडातल्या पिनांवर बसवली गेली. म्हणून १२ नंबरची पिन वाकली तरी जुन्या कॉम्प्युटरवर चित्र येतंच. फक्त नाव "जेनेरिक नॉन-पीएनपी मॉनिटर" दिसतं, रिझोल्यूशन १०२४ बाय ७६८ वर अडकतं, आणि १९ इंचीचं स्वतःचं १२८० बाय १०२४ यादीत येतच नाही. तीच केबल अडॅप्टरला लावली की गोष्ट आणखी बिघडते. बरेच अडॅप्टर ओळख वाचता आली नाही तर कार्डाला "इथे मॉनिटर आहे" असा संकेतच देत नाहीत. कार्डाच्या दृष्टीने तिथे काही जोडलेलंच नसतं. मग ड्रायव्हर, म्हणजे कार्ड चालवणारा प्रोग्राम, बदला, विंडोज बदला, काय फरक पडणार?

तुम्ही आल्या आल्या कॅबिनेट उघडलं नाहीत. खुर्ची ओढून ताईंना विचारलंत, "जुन्या कॉम्प्युटरवर लावल्यावर अक्षरं कशी दिसत होती?" त्या म्हणाल्या, "उभट दिसत होती, आणि पुसट." एवढ्यावर तुमचं अर्धं निदान झालं. १०२४ बाय ७६८ चं ४:३ चित्र १२८० बाय १०२४ च्या ५:४ पडद्यावर ताणलं की अक्षर उभटच होणार. ताईंना हे पहिल्या दिवसापासून दिसत होतं. त्यांना विचारलं कुणी नव्हतं.

मग तुम्ही केबलीचे दोन्ही निळे स्क्रू सोडवलेत, मोबाइलचा टॉर्च लावलात आणि तोंड आधी त्यांच्यासमोर धरलंत. पाच-पाच पिनांच्या तीन ओळी. शेवटच्या ओळीतली दुसरी पिन शेजारणीवर आडवी निजलेली. तुम्ही म्हणालात, "हे बघा ताई. हे कीबोर्डवरनं होत नसतंय. मागनं केबल लावताना कुणीतरी तिरकी दाबलीय. तुमच्या हातनं काय झालेलं नाही." धूळ काढायला माणूस आला होता, त्यानंतरच हे सुरू झालं होतं, ते तेव्हा सगळ्यांच्या लक्षात आलं. ताईंनी ९ नंबरची जागा रिकामी कशी, तीही तुटली का, असं विचारलं. तुम्ही न कंटाळता सांगितलंत की बऱ्याच केबलींत ती पिन मुळातच बसवलेली नसते, तिची काळजी नको.

अण्णा, तुम्ही ती पिन गुपचूप सरळ करून निघून गेला असतात तरी आमचं काम झालं असतं. पण ताईंवरचा आळ तसाच राहिला असता. ते शब्द तुम्ही सगळ्यांच्या देखत, मुद्दाम त्यांच्याकडे बघून बोललात. त्या दिवसानंतर त्या टेबलाशी पूर्वीसारख्या मोकळ्या बसतात. हे कुठल्या बिलात मावणार?

चिमट्याने पिन सरळ केलीत, अडॅप्टरला लावलीत, आणि मॉनिटर स्वतःच्या नावानिशी, १२८० बाय १०२४ सकट, यादीत आला. दुसरा असता तर तिथेच थांबला असता. तुम्ही बजावलंत, "ही केबल वापरात ठेवू नका. सरळ केलेली पिन पुढच्या खेपेला सॉकेटमध्ये तुटून राहते, मग अडॅप्टरही जातो." नवी केबल काही शेकड्यांची. आधीचे लोक हजारांचं कार्ड घ्यायला सांगत होते.

उजव्या मॉनिटरची तऱ्हा वेगळी. तो नवा २४ इंची, आणि त्याला तर चुकीची वस्तू विकली गेली होती. केबल डिस्प्लेपोर्ट ते एचडीएमआय. तिचं डिस्प्लेपोर्टचं टोक मॉनिटरला आणि एचडीएमआयचं टोक कार्डाऐवजी मदरबोर्डला, म्हणजे कॉम्प्युटरच्या मुख्य बोर्डाला, लावून दिलेलं. ही केबल एकाच दिशेने चालते: डिस्प्लेपोर्ट कॉम्प्युटरच्या बाजूला, एचडीएमआय मॉनिटरच्या बाजूला. उलट हवं असेल तर यूएसबीवरून वीज घेणारा ॲक्टिव्ह कन्व्हर्टर लागतो. विकणाऱ्याला हे माहीत असायलाच हवं होतं.

दुसरी चूक मदरबोर्डचं तोंड. ते प्रोसेसरच्या आतल्या ग्राफिक्सवर चालतं, आणि वेगळं कार्ड बसवलं की बऱ्याच मदरबोर्डांत बायोसच्या, म्हणजे विंडोजच्या आधी चालू होणाऱ्या प्रोग्रामच्या, मूळ सेटिंगमध्ये ते बंद होतं. बायोसमध्ये आयजीपीयू मल्टी-मॉनिटर अशा नावाची सोय असते, ती चालू करावी लागते. इंटेलच्या प्रोसेसरच्या नावाशेवटी एफ असेल तर आत ग्राफिक्सच नाही, तिथे कितीही डिटेक्ट दाबा. आमच्या कार्डावर दुसरा डिस्प्लेपोर्ट रिकामाच होता! तुम्ही साधी डिस्प्लेपोर्ट ते डिस्प्लेपोर्ट केबल तिथे लावलीत आणि विषय संपला. त्या केबलीच्याही २० नंबरच्या पिनेला मीटर लावून पाहिलंत. ती दोन्ही टोकांना आतून जोडलेली नसावी लागते. स्वस्तातल्या काही केबलींत जोडलेली असते, मग मॉनिटरकडून ३.३ व्होल्ट उलटे कार्डात शिरतात, आणि कधी कॉम्प्युटर चालू होत नाही, कधी मॉनिटर दिसत नाही. हे एवढं बघणारा माणूस आम्हाला आजवर भेटला नव्हता.

पावसात लाइट येते-जाते तेव्हा काय करायचं हेही तुम्ही ताईंनाच शिकवलंत. मॉनिटर अडकला तर नुसतं बटण बंद-चालू करून भागत नाही. वायर प्लगमधून काढायची, पॉवर बटण १०-१५ सेकंद दाबून धरायचं, दोन मिनिटांनी परत लावायचं. मग विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी एकदम दाबून ग्राफिक्सचा ड्रायव्हर जागा करायचा. मग विंडोज आणि पी दाबून एक्स्टेंड निवडलेलं आहे का पाहायचं. कार्डाला दोष द्यायचा तो हे सगळं करून झाल्यावर.

शेवटी डिस्प्लेच्या चौकटी जुळवताना तुम्ही परत त्यांनाच विचारलंत, वरची कड जुळवू की खालची? मधला १०८० उंचीचा, डावा १०२४ चा. वरून जुळवला तर खाली ५६ पिक्सेलची पट्टी उरते आणि माउस तिथे अडतो. ताई खालच्या टास्कबारकडे जास्त जातात, म्हणून तुम्ही खालची कड जुळवून दिलीत. रोज आठ तास तिथे बसणाऱ्या माणसाला विचारून काम करणं, हे आम्ही फार थोड्या लोकांत पाहिलं. हुशार कारागीर आपल्याकडे, सीमेच्या या बाजूला नि त्या बाजूला, पुष्कळ आहेत. समोरच्याला चोर न ठरवता दोष शोधणारे आणि सापडला की उघड दाखवणारे हवे आहेत. तुमच्यासारख्यांमुळे कामावर विश्वास टिकतो, अण्णा, हे मनापासून लिहितोय.

तुम्ही सांगितल्याप्रमाणे जुनी केबल दोन्ही टोकांशी कापून टाकली, कुणी पुन्हा उचलून लावायला नको. नव्या केबलीचे स्क्रू ताईंनी स्वतः आवळले आहेत. उद्यमबागेतल्या एका वर्कशॉपमध्ये कॅडच्या, म्हणजे कॉम्प्युटरवर आराखडे काढायच्या, टेबलावर दुसरा स्क्रीन असाच येतो आणि जातो म्हणे. त्यांना तुमचा नंबर दिलाय, आणि तुम्ही येऊन केबलीची तोंडं बघेपर्यंत एक रुपयाचंही सामान विकत घेऊ नका असं बजावून ठेवलंय. तेवढं एकदा वेळ काढून जाऊन या.

तुमचे ऋणी,
शहापूर, बेळगाव इथल्या छपाई-डीटीपी ऑफिसातले सगळे