रुग्णालयाच्या फाटकावरच्या दाजूंना

खानापूर तालुका, एप्रिल २०१८

आदरणीय दाजू,
सप्रेम नमस्कार.

आपले नाव मला ठाऊक नाही आणि आभाराच्या पत्राची सुरुवात या कबुलीने करावी लागते, याची मला लाज वाटते. बेळगावच्या त्या रुग्णालयात सगळे आपल्याला 'बहादूर' म्हणत, मीही दोन दिवस तेच म्हटले. तिसऱ्या दिवशी आपणच हसत म्हणालात की आमच्याकडे मोठ्या भावाला दाजू म्हणतात. त्यामुळे तेच संबोधन वापरतो. आपल्यापर्यंत पोहोचण्याचा दुसरा मार्ग उरला नाही, म्हणून हे पत्र उघड लिहितो आहे. कोणाच्या तरी वाचनात येईल आणि आपल्या कानांवर जाईल, एवढीच आशा आहे.

आधी इतरांचे थोडे सांगून टाकतो, नाहीतर मनात राहील. जिथे आईला प्रथम दाखल केले, त्या ठिकाणी दोन दिवस सलाइन लावून तिसऱ्या दिवशी 'बेळगावला हलवा' असे सांगण्यात आले. 'रुग्णसेवेसाठी अहोरात्र' अशा फलकावर हात जोडून उभ्या असलेल्या आमच्याकडच्या पुढाऱ्याने गाडीसाठी केलेला फोन उचलला नाही. आणि रुग्णालयातल्या खिडकीमागे बसलेल्या गृहस्थांना मी पाच मिनिटांसाठी चार्जर मागितला, तेव्हा समोर चार्जर लावलेला असतानाही त्यांनी कागदावरून नजर न काढता 'तो वैयक्तिक आहे' असे उत्तर दिले. माझा फोन दुपारीच बंद पडला होता.

ती १४ फेब्रुवारीची संध्याकाळ होती. फाटकाशेजारच्या चौकीत प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसून आपण फोनच्या पडद्याकडे इतके एकाग्र होऊन पाहत होता की मला वाटले, घरून काही वाईट बातमी आली असावी. विचारल्यावर कळले की तिकडे नामिबियात विंडहोकला नेपाळ आणि कॅनडा यांचा सामना चालू आहे. जागतिक क्रिकेट लीगची दुसरी श्रेणी, सहा देशांचे संघ, आणि त्यातले पहिले दोनच झिंबाब्वेतल्या विश्वचषक पात्रता स्पर्धेला जाणार. मी गावच्या मंडळाच्या टेनिस बॉल स्पर्धा इतकी वर्षे भरवतो, पण देशांच्या संघांनाही आमच्या पोरांसारखे खालच्या पायरीवरून चढत यावे लागते, हे मला त्या दिवशी आपल्याकडून समजले. आपण बोटे मोडून सांगितलेत : २०१० साली काठमांडूला पाचवी श्रेणी जिंकली, २०१२ साली मलेशियात चौथी, २०१३ साली बर्म्युडात तिसरी. प्रत्येक पायरीवर जो हरेल तो पुन्हा खाली. काठमांडूच्या त्या स्पर्धेच्या वेळी कीर्तिपूरच्या मैदानाच्या उतारावर आपण दिवसभर उभे होता, हे सांगताना आपण खुर्चीवरून उठलात, जणू बसून ते सांगणे बरे दिसले नसते.

१९५ धावा हव्या होत्या आणि १४४ वर नऊ गडी बाद झाले होते. 'आता संपले,' असे म्हणून आपण फोन मांडीवर उलटा ठेवलात आणि अर्ध्या मिनिटाने पुन्हा सुलटा केलात. मैदानात करण के. सी. आणि सतरा वर्षांचा संदीप लामिछाने होते. त्या पोराला पंधरा-वीस दिवसांपूर्वीच दिल्लीने आयपीएलच्या लिलावात घेतले होते, हे आपण मला दोनदा सांगितलेत. त्या सामन्याचे चित्र दिसत नव्हते, केवळ आकडे बदलत होते. करणने मारायला सुरुवात केली तसे आपण आकडा वाचून दाखवू लागलात. बेचाळीस हव्यात, चौतीस हव्यात, अठ्ठावीस. आई आत असताना मी ते आकडे मोजत होतो, याबद्दल मला अजून कसेसेच वाटते, पण त्या तासाभरात मला धरून ठेवले ते त्या आकड्यांनीच.

वीस-बावीस धावा उरल्या असताना परिचारिका बाहेर आल्या आणि रक्त देणारी माणसे ताबडतोब बोलवा, असे त्यांनी सांगितले. मी खिशातला मेलेला फोन काढून नुसता हातात धरला. आपल्या चौकीतला बोर्ड जळालेला होता आणि आपल्या फोनवर बॅटरीची तांबडी रेघ दिसत होती, हे मी मघापासून पाहत होतो, त्यामुळे मागण्याचे धैर्य मला झाले नाही. आपण सामन्याचे पान बंद केलेत, क्रमांक फिरवायचे पान उघडून फोन माझ्या हातात दिलात आणि म्हणालात, "बॅटरी थोडा आहे, जल्दी जल्दी बोला."

दाजू, मला ते पान बंद करणारे आपले बोट आठवते. आकडा बदलेल का म्हणून क्षणभरही ते थांबले नाही.

मी धाकट्या भावाला फोन केला, त्याने सांगितलेल्या आणखी दोघांना केला आणि तिसरे बोलणे अर्धवट असतानाच फोन माझ्या हातात बंद पडला. आमच्या मंडळाची चार पोरे दोन मोटारसायकलींवरून खानापूरच्या रस्त्याने पंचवीस किलोमीटर अंतर कापून आली, सराव टाकून, अंगावर संघाचे टी-शर्ट तसेच. ती रक्त देऊन बाहेर आल्यावर मी त्यांतल्या एकाला सामन्याचा निकाल बघायला सांगितले. नेपाळने शेवटच्या चेंडूवर, शेवटचा गडी राखून सामना जिंकला होता; करण नाबाद ४२. आपण त्या पोराचा फोन घेऊन धावफलकाच्या ओळींवरून बोट फिरवीत सगळे सावकाश वाचलेत, पुन्हा पहिल्यापासून वाचलेत आणि तेवढ्यात रुग्णवाहिका आली म्हणून फोन परत देऊन फाटक उघडायला गेलात. आठ वर्षे ज्याची वाट पाहिली, ते शेवटचे षटक आपल्याला कधीच चेंडू-चेंडूने पाहता आले नाही. त्याबद्दल आपण एक शब्द काढला नाहीत, उलट सकाळी विचारलेत, "आईने चहा घेतला?"

मदत करणारी माणसे मी पाहिली नाहीत असे नाही. आमच्या भागात भाषेवरून कितीही तणाव होवो, शेजारचे कानडी कुटुंब आजही आमच्या चुलीपर्यंत येते आणि आम्ही त्यांच्या. पण बहुतेकांनी, आणि त्यांत मीही आलो, जे दिले ते आपल्यापुरते ठेवून उरलेल्यातून दिले. आपल्याजवळ त्या संध्याकाळी तांबड्या रेघेएवढेच काहीतरी होते आणि तेही आपल्याला हवे होते.

मार्चमध्ये नेपाळने झिंबाब्वेत पापुआ न्यू गिनीला हरवून एकदिवसीय सामन्यांचा दर्जा मिळवला, त्याच आठवड्यात मी कुंद्याचा डबा घेऊन बेळगावला आलो. फाटकावर दुसरेच कोणी उभे होते. एजन्सीने आपली बदली केली, कुठे ते सांगता येत नाही, एवढेच कळले. खिडकीमागचे गृहस्थ होते तिथेच होते.

आपला क्रमांक भावाच्या फोनमध्ये 'दाजू' या नावाने जपून ठेवला आहे, पण तो आता लागत नाही. आई बरी आहे, काठी न घेता तुळशीपर्यंत जाते. रोज दिवेलागणीला ती भावाला तो क्रमांक लावायला सांगते आणि फोन स्वतःच्या कानाला धरते. पलीकडून कानडीत एक बाई ठरलेले वाक्य बोलते. आईला कानडी कळत नाही. "त्यांच्या घरचे आहे का कोणी?" असे ती विचारते, आणि भाऊ सांगतो, ड्यूटीवर गेलेत म्हणतात, उद्या लावू.

आपला,
खानापूर तालुक्यातला एक धाकटा भाऊ