नववीतला पंचविशीचा नायक

महोदय,
इंदुरात मराठी चित्रपट लागतो तो एखाद-दुसऱ्या खेळापुरता. म्हणून दहावीतल्या नातीला घेऊन परवा मुद्दाम गेलो. किशोरवयीन मुलांची कथा, अशी जाहिरात होती. पडद्यावरचा नववीतला नायक मात्र नुकतीच दाढी करून आलेला पंचविशीचा गडी! गणवेशाची इस्त्री शेवटपर्यंत मोडत नाही, दप्तर रिकामे आणि आईच्या तोंडी ‘अभ्यास कर’ यापलीकडे वाक्य नाही. एकच प्रसंग खरा वाटला. मुलाच्या वहीत चिठ्ठी सापडल्यावर वडील चकार शब्द न काढता स्कूटर पुसत राहतात, पुसलेला आरसा पुन्हा पुसतात. दिग्दर्शकाने तो अर्ध्या मिनिटात गुंडाळला आणि पुन्हा गाणे सुरू.

मिलिंद बोकील यांच्या कादंबरीवरचा ‘शाळा’ २०१२ मध्ये आला. त्याला राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला होता. आणीबाणीच्या काळातली ती मुले आमच्या घरात सगळ्यांनाच ओळखीची वाटली. आमच्या भंवरकुआच्या कोचिंग क्लासांत सकाळ-संध्याकाळ पिचणारी मुले कुणा पटकथाकाराला दिसतच नाहीत का? (तिकिटाचे दर मात्र मोठ्यांचे.) मध्यंतरातच नात म्हणाली, “आजोबा, त्यापेक्षा सराफ्यात खायला जाऊ या.” गेलो.

– एक वाचक, रामबाग, इंदूर