वाडीतल्या बंद घरांच्या चाव्या द्या, आणि जमलं तर पैसे पण

सर्व गाववाले, माहेरवाशिणी आणि मुंबई-पुण्याच्या चाकरमानी मंडळींना नमस्कार.

मेसेज मोठा आहे पण पूर्ण वाचा, वर्गणीचं नाव काढलं की बोट आपोआप पुढे सरकतं हे आम्हाला माहितीये. पाऊस तोंडावर आलाय, दरवर्षी याच दिवसांत जनावर बाहेर पडायला लागतं, म्हणून मंडळाच्या बैठकीत ठरलं की देवळाचा रंग पुढच्या वर्षी बघू, यंदा आधी सापांचं बघायचं.

पैशाच्या आधी एक गोष्ट मागायचीय, ती म्हणजे बंद घरांच्या चाव्या. आपल्याकडे कितीतरी घरं फक्त गणपतीत आणि मे महिन्यात उघडतात, बाकी वर्षभर आत उंदरांचं राज्य. जुनी गोणपाटं, माळ्यावरची कौलं, मागच्या पडवीत भिंतीला टेकवून रचलेली लाकडं, आणि बाहेर ढासळलेला दगडी गडगा. उंदीर आला की त्याच्या मागे साप येणारच, तो काय घर कुणाचं विचारून येतो? मागच्या गणपतीत एक घर उघडलं तर माजघरात वाशावरून अख्खी कात लोंबत होती, अगदी डोळ्यावरच्या चकत्यांसकट, आणि पोरं त्याच खोलीत खाली गाद्या घालणार होती. कात धामणीची निघाली म्हणून सगळे हसले, पण जिथे उंदरासाठी धामण येते तिथे नाग यायला काय हरकत आहे सांगा.

फुरसं हा विषारी साप तर आपल्या देवगड-राजापूर पट्ट्यात पाचवीलाच पुजलेला. कातळावर, चिऱ्याच्या फटीत, पाल्याखाली, दीडएक फुटाचं जनावर, मातीच्या रंगाचं, पाय पडेपर्यंत दिसत नाही. इंग्रजांच्या काळात रत्नागिरी जिल्ह्यात फुरशामागे बक्षीस लावलेलं, लोकांनी अक्षरशः ढिगाने मारली, संपली का? म्हणून मारत सुटणं हा उपाय नाही, शिवाय १९७२ च्या वन्यजीव कायद्याने तो गुन्हाही आहे. गडगा साफ करा, लाकडं घरापासून लांब आणि जमिनीपासून वर रचा, कोंबड्यांचं खुराडं भिंतीला चिकटून ठेवू नका, कारण सांडलेल्या दाण्यावर उंदीर येतात आणि अंड्यांना नाग. न्हाणीच्या पाण्याच्या भोकाला जाळी मारा. फिनेल, रॉकेल, लसणीचं पाणी यावर पैसे घालवू नका, त्याने साप काही थांबत नाही.

मण्यारीबद्दल मात्र नीट वाचा. ती रात्रीची फिरते आणि खाली झोपलेल्या माणसाला चावते, दात एवढे बारीक की दुखत नाही, सूजही येत नाही, कधीकधी खूणसुद्धा सापडत नाही. पहाटे पोटात कळ येते, उलटी होते, आपण म्हणतो गॅस झाला आणि सोडा देतो. मग पापण्या जड होतात, उघडता येत नाहीत, बोलणं घोगरं येतं, गिळता येत नाही आणि शेवटी श्वास अडकतो. गेल्या पावसात पडवीत झोपलेल्या आपल्या एका काकांचं हेच झालं. नशिबाने वेळेत व्हेंटिलेटर मिळाला, आज ते बागेत काम करतायत, पण त्या रात्री गाडी मिळवण्यातच जो वेळ गेला तो आठवला की अजून घाम फुटतो.

आता कुणाला पान लागलंच, म्हणजे साप चावलाच, तर काय करायचं. पहिलं म्हणजे १०८ ला फोन, आणि ती यायला उशीर असेल तर मिळेल त्या गाडीने थेट ग्रामीण रुग्णालय. चावलेला हात किंवा पाय मोडल्यासारखा धरायचा, फळी नाहीतर मोठी लाकडी पट्टी लावून सैल फडक्याने बांधायचा, अंगठी, बांगड्या, पैंजण लगेच काढायचे. माणसाला चालवायचं नाही. घट्ट दोरी बांधू नका, चिरू नका, चोखू नका, आणि पान उतरवायला कुणाकडे नेऊ नका, देवाला नारळ घरी आल्यावर पण ठेवता येतो. साप पकडून डॉक्टरला दाखवायची तर काहीच गरज नाही, आपल्याकडची लस नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चौघांवर एकच असते आणि सरकारी दवाखान्यात ती फुकट मिळते. सापाच्या मागे लागून दुसरा माणूस चावून घेतो हे नेहमीचंच आहे. फुरशाच्या आणि घोणशीच्या विषाने रक्त गोठायचं थांबतं, हिरड्यांतून, लघवीतून रक्त जातं, म्हणून “चावा साधाच होता, बरा आहे आता” म्हणून घरी बसायचं नाही, दवाखान्यात निदान चोवीस तास तरी लक्षाखाली राहायचं.

तर पैसे कशाला हवेत ते सांगतो. पहिला खर्च मच्छरदाण्यांचा. जे लोक खाली झोपतात त्या प्रत्येक घरात मच्छरदाणी, गादीखाली नीट खोचता येईल अशी मोठी, मण्यारीला याच्यासारखा दुसरा स्वस्त उपाय नाही. दुसरं टॉर्च आणि गमबूट. लावणीच्या चिखलात गमबूट चालत नाहीत हे आम्हाला पण कळतं, पण गवत कापायला आणि कलमांच्या बागेत तरी घाला. तिसरं रात्रीच्या गाडीचं डिझेल. चार गाडीवाल्यांनी आळीपाळीने रात्री फोन चालू ठेवायचं कबूल केलंय, पण भाडं त्या वेळी पेशंटच्या घरच्यांकडे मागायचं नाही, ते मंडळ देणार. चौथं आपल्या सर्पमित्र पोरांना हूक, पाईप, पिशव्या आणि अपघाती विमा. एक अट आहे, जो साप हातात धरून रील बनवेल त्याला मंडळाचा एक रुपया मिळणार नाही, मग तो कुणाचाही मुलगा असो. साप दिसला की लांबून नजर ठेवा, सर्पमित्र पोरांना नाहीतर वनखात्याच्या १९२६ ला फोन करा.

किती द्यायचे ते तुमच्यावर. एका घराची मच्छरदाणी दिलीत तरी चालेल, वस्तू पाठवलीत तर उत्तमच, आणि गावचे जे डॉक्टर मुंबईला आहेत त्यांनी सुट्टीत येऊन शाळेत तासभर बोलावं. पैसे खजिनदाराकडेच द्यायचे, पावती घ्यायची, हिशोब गणपतीच्या सभेत वाचला जाईल.

चाकरमान्यांनो, चावी शेजाऱ्यांकडे असेल तर फक्त “उघडा” एवढं ग्रुपवर लिहा. दोन भाऊबंदांत वाद असलेल्या घरांचं आतलं काही हलवणार नाही, फक्त खळं, गडगा आणि मागची पडवी साफ करू, त्याचा फोटो दोघांनाही पाठवू.

येत्या रविवारी सकाळी आठला देवळाकडे जमायचं. कोयता, फावडं आणि लांब काठी घेऊन या, चिरा हाताने उचलायचा नाही, आधी पहारीने सरकवायचा. चपला घालून येणाऱ्याला चहाच्या कामाला लावणार आहोत.